बॅरीचे दोनशे अकरा गोल

हॅडलशॉ टाउन या आमच्या फुटबॉल क्लबसाठी बॅरी थ्रेलफॉलने दोनशे अकरा गोल केले. मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे, आणि आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा तो आकडा घडाघडा सांगतं. त्यातले निम्म्याहून जास्त माझ्या नवऱ्याच्या कपाळावरून आले, हे मात्र कुणी सांगत नाही. बाजूने उंच बॉल यायचा. क्लिफर्ड दोन दांडग्या बचावपटूंच्या मधून उडी मारून तो डोक्याने खाली, बॅरीच्या पायाशी टाकायचा, आणि बॅरी तो जाळ्यात ढकलायचा. कोपरं क्लिफर्डला बसायची, पेपरात फोटो बॅरीचा यायचा.

आता क्लिफर्ड टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतो. मला 'मॅडम' म्हणतो, चहा दिला की आभार मानतो. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला! डॉक्टर म्हणतात, डोक्याला वर्षानुवर्षं बसलेला मार. क्लब म्हणतो, वय झालं. खेळाडूंच्या संघटनेची समिती त्या गुरुवारी बसणार होती. तेव्हाच्या संघातल्या कुणी येऊन सराव कसा चालायचा ते सांगितलं, तर ही खेळातली इजा आहे असं मानायला ते तयार होते. मला तेवढंच हवं होतं. माझ्या नवऱ्याचं डोकं म्हातारपणाने नाही, कामाने खाल्लं, हे कुणीतरी मान्य करावं. आणि त्या संघातला धड बोलू शकेल असा एकच माणूस उरला होता.

आला एकदाचा बॅरी, क्लबचा कोट घालून. सामन्याच्या दिवशी बड्या पाहुण्यांच्या टेबलाशी बसून जुन्या आठवणी सांगायच्या, हे त्याचं हल्लीचं काम.

"अरे वा, एव्हरिल! अजून तशीच आहेस की!"

"आधी चहा घेतोस, की आधी खोटं बोलून घेतोस?"

तो खो खो हसला. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये क्लिफर्ड खिडकीशी खुर्चीत होता. बॅरीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. क्लिफर्डने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

मी सरळ मुद्द्यावर आले. "बॅरी, मंगळवारचा सराव आठवतो? मैदानातल्या खांबाला दोरीने टांगलेला बॉल?"

"कोण जाणे गं. किती वर्षं झाली."

"पावसाने भिजला की दगड व्हायचा त्याचा. हा तासभर त्याच्यावर डोकं आपटायचा, आणि भिंत धरत धरत घरी यायचा. एकदा जिन्यातच ओकला."

"जास्त झाली असेल त्या दिवशी."

"बॅरी!"

"अगं, गंमत केली. ट्रेनर फिरवायचा की गार पाण्याचा स्पंज डोक्यावरून. पुन्हा ताजातवाना होऊन उभा राहायचा गडी."

"म्हणजे आठवतंय तुला सगळं."

त्याने कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, क्लबने माझ्यासाठी पुष्कळ केलंय. मीच उठून त्यांच्याविरुद्ध बोललो तर कसं दिसेल? आणि मी फारसं डोक्याने खेळलोच नाही. मला काय कळणार त्यातलं?"

"तुला खेळावं लागलं नाही. तो खेळत होता ना!"

 विषय बदलायचा म्हणून असेल, बॅरीने व्यायामासाठी ठेवलेला मऊ बॉल टेबलावरून उचलला.

"काय क्लिफ! हा घे, डावीकडून आला!" आणि त्याने बॉल उंच फेकला.

क्लिफर्डला खुर्चीतून उठवायला रोज दोन माणसं लागतात. तो उठला. मान ताणली, कपाळ पुढे केलं, आणि बॉल नेमका बॅरीच्या उजव्या पायाशी पडला. बॅरीने विचारसुद्धा केला नाही. चहाच्या गाडीच्या चाकांमधून बॉल घातला, एक हात वर केला आणि आमच्याकडे पाठ करून दारापर्यंत धावला. हॉलमधल्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवू लागल्या. नर्स "गोल!" म्हणून ओरडली.

बॅरी वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता तरी पाझर फुटेल.

"येशील ना गुरुवारी?" मी विचारलं.

त्याचा हात खाली आला. त्याने कोटाचं बटण लावलं.

"अगं, मऊ बॉल आहे तो," तो म्हणाला. "त्याला कुठे काय लागलं?"

मी त्याला चालता हो म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो निघालाही. दाराशी नर्सने सही मागितली, ती मात्र थांबून, नीट तिचं नाव घालून दिली.

क्लिफर्ड अजून उभाच होता. मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. कपाळावर हात फिरवला, तर तो कसनुसा हसला.

"मॅडम, गोल झाला का?"

"झाला," मी म्हणाले. "तू मारलास, क्लिफर्ड. तू."

एखाद्या अडाणी बाईकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"छे हो," तो म्हणाला. "गोल बॅरी मारतो."