तिसरी रचना

अवधूतला कोणाला हुकूम सोडणं कधी जमलंच नव्हतं. ऑर्केस्ट्रांत आणि हळदी-लग्नांत ड्रम वाजवण्यात त्याची उमर गेली. गायकाने बोट वर केलं की सुरू, खाली केलं की बंद. आता स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम करायला बसला, तरी त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘चालेल ना?’ लागलेलंच होतं.

अल्बमही असा, की अंबरनाथला घरी वडिलांना, शशिकांतरावांना, समजावताना त्याच्या नाकी नऊ आले. फ्री जॅझ. ठेका ठरलेला नाही, चाल ठरलेली नाही. तिघांनी एकमेकांचं ऐकत पुढे जायचं. शशिकांतरावांनी चष्मा पुसत विचारलं होतं, मग चुकलं हे कसं कळतं?

उल्हासनगरात त्याच्या मित्राचा, कल्पेशचा, जीन्स शिवायचा कारखाना होता आणि कल्पेशला रेकॉर्डिंगचा जुना नाद होता. सुटीमुळे मशिनी बंद होत्या. त्याने भिंतींना कापडाचे तागे उभे लावले, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. खोली एकच. मोठा उभा बास वाजवणारी श्रद्धा, सॅक्सोफोनवाला सुजित आणि ड्रमवर अवधूत. श्रद्धाची बंगळुरूला बदली झाली होती, ती परवा निघणार होती. जांभूळ गावचा सुजित लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, त्याला संध्याकाळी बदलापूरला हळद होती. म्हणजे जे व्हायचं ते आजच.

दोन रचना झाल्या. तिसरी सगळ्यात लांब, तिच्याशिवाय अल्बम उभाच राहत नव्हता, आणि तीच दोनदा फसली. ऐन भरात अवधूतचा हात आपोआप हळदीच्या ठेक्यावर घसरायचा आणि सुजितचा सॅक्सही इमानदारीत वरातीला निघायचा. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

“पुन्हा घेऊ. चालेल ना?” अवधूत म्हणाला.

या वेळी मात्र सूत जमलं. झांजेवर काठी नुसती टेकत गेली, बास खालून गुरगुरला, सुजितने एक सूर असा ताणला की कल्पेश खुर्चीवरून उठून उभा राहिला. अवधूतचा हात कुठेच घसरला नाही. आपण इतकं चांगलं वाजवू शकतो हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. श्रद्धा आणि सुजितची खिडकीकडे पाठ होती. समोरच्या घराला दोन माणसांनी हिरवे बांबू टेकवले. मागून एकाने मडकं आणलं.

बँडवाल्यांत एक दंडक आहे. वरातीच्या वाटेवर कुठे मयत असली की वाद्यं बंद. नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी हरकत नाही. ड्रमवाला काठ्या आडव्या ठेवतो आणि कोणी कारण विचारत नाही.

अवधूतने काठ्या ठेवल्या नाहीत. अजून थोडं, अजून थोडं, असं म्हणत तो वाजवत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि हात तर कधी नव्हे इतका मोकळा झाला होता. बाहेर बांबू कापले गेले, सुतळी गुंडाळली जाऊ लागली. तेव्हा कुठे त्याने काठ्या आडव्या ठेवल्या.

सुजितने ते पाहिलं आणि सॅक्स खाली घेतला. श्रद्धा कधी वरातीत वाजवायला गेलेली नव्हती. तिला वाटलं, आपल्यासाठी जागा सोडली. डोळे मिटून ती एकटीच वाजवत गेली, हलकं, खोल. आणि समोरच्या घरात एका बाईने हंबरडा फोडला. श्रद्धाचा हात थांबला.

कल्पेशने कानावरचे हेडफोन काढले. त्याचा चेहरा उजळला होता. “अवध्या, हेच! और वो रोना भी रहने दे, लोक वेडे होतील ऐकून.”

“रडणं काढता येईल?” श्रद्धाने विचारलं.

कल्पेशने नकारार्थी मान हलवली. एकाच खोलीत सगळे माइक. सगळ्यांत सगळं शिरलेलं. ठेवलं तर सगळं ठेवायचं.

“मी बांबू आधीच पाहिले होते,” अवधूत म्हणाला. “तरी वाजवत राहिलो. पूस ते.”

“असं परत येणार नाही, अवधूत,” श्रद्धा म्हणाली.

“नाही येणार. कल्पेश, पूस.”

कल्पेश बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. रोजचं शेपूट यायची तो वाट पाहत होता. ते आलं नाही. त्याने पुसलं. श्रद्धाने रागाने तोंड फिरवलं.

तरी अवधूत उठला. या गल्लीत आज वाजवायचं नाही, त्याने सांगितलं. सगळं सामान मागच्या दाराने, आवाज न करता टेम्पोत घाला. जांभूळला सुजितच्या वडिलांची, महिपतीबाबांची पेंढ्याची खोली आहे, तिथे आवाज घुमणार नाही. तिसरी रचना तिथे होईल, आजच.

झांजा त्याने स्वतः जीन्सच्या कापडात गुंडाळल्या. श्रद्धा बासला खोळ घालू लागली.

सुजितच्या हळदीचं त्याने विचारलं नाही. सुजित क्षणभर घुटमळला, मग मागच्या पायरीवर जाऊन त्याने बँडच्या सोनूला फोन लावला. दिवसभर अवधूतला तो दादा म्हणत होता. बँडच्या म्होरक्याला मात्र हे लोक मास्तर म्हणतात.

“मी नाय येत रं हळदीला,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मास्तर सोडत नाय.”