विचारलं की कोणीही सांगेल

मी एक वेबसाइट बोलतेय. शुद्ध मराठीत मला संकेतस्थळ म्हणतात म्हणे, पण त्या नावाने अजून कोणी मला हाक मारलेली नाही. तसं पाहिलं तर कुठल्याच नावाने फारशी कोणी मारलेली नाही, आणि माझं रडगाणं आहे ते हेच. चुकून आला असाल तरी जरा थांबा. आलेला माणूस लगेच पाठ फिरवतो याची मला सवय आहे, पण आज मला बोलायचंच आहे.

मी बॅगा दुरुस्त करणाऱ्या मामांची. मामा म्हणजे सगळ्या रस्त्याचे मामा. खरा भाचा एकच, आणि त्यानेच त्यांना मामा बनवलं, असं मामी म्हणतात.

मामांचं दुकान पूर्वी मोठ्या रस्त्यावर होतं. ती इमारत पाडली आणि मामांना मागच्या गल्लीत एका जिन्याखाली जागा मिळाली. मशीन तिथे आलं, हातोडी आली, कातड्याचे तुकडे आले. गिऱ्हाइकं तेवढी आली नाहीत. मामांचे धाकटे भाऊ म्हणाले, "दादा, पुरे आता. नव्या बॅगांच्या मोठ्या दुकानात तुझ्यासाठी नोकरी बघून ठेवलीय. मशीन विकून टाक." जन्मभर जुन्या बॅगा जगवलेल्या माणसाने 'ही टाका, नवी घ्या' म्हणत दारात उभं राहायचं! मामांनी थोडी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत माझा जन्म झाला.

मला भाच्याने बनवलं. भाचा कंपनीत कामाला. हुशार, पण अतिशहाणा. माझ्या कपाळावर त्याने लिहिलं, 'लगेज केअर सोल्यूशन्स'. खाली, 'झिपर रिस्टोरेशन'. मामांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि विचारलं, "हे आपल्याच दुकानाचं ना?"

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! लोक सर्चमध्ये लिहीत, 'बॅगची चेन तुटली'. झिपरला घरोघरी चेनच म्हणतात. मी कुठल्या तरी मागच्या पानावरून जीव तोडून ओरडायचे, "अगं बाई, इकडे ये, हेच काम करतात आमचे मामा!" पण तिने लिहिलेला शब्दच माझ्या अंगावर नव्हता. मग ती माझ्यापर्यंत पोचणार कशी? शेवटी मामीच कडाडल्या, "अरे, झिपर झिपर काय लावलंयस? चेन लिही, चेन!"

त्याने लिहिली. दिसेल तिथे लिहिली. चेन दुरुस्ती, चेन बदलून मिळेल, सर्व प्रकारच्या चेन. मी भराभर वर चढले आणि दुकानातला फोन वाजू लागला.

"हॅलो, नाजूक चेन मिळेल का? सुनेला द्यायचीय."

"बॅगेची ना?" मामांनी विचारलं.

"बॅगेची कशाला? गळ्यातली! सोन्याची!"

ती बाई फोन ठेवते तोवर सायकलवाला. "माझी चेन सारखी उतरते हो." त्याच्यामागून एकाला कुत्र्याची चेन हवी होती. मामा प्रत्येकाला समजावून सांगायचे, आणि तो सायकलवाला तरी पुन्हा बरोबर जेवायच्या वेळी फोन करायचा. मामींचं डोकं फिरलं. "काढून टाक आधी तो नंबर!" भाच्याने नंबर काढला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मग भाच्याला कोणीतरी सांगितलं की लोक जसं विचारतात तसं लिहावं. म्हणजे सर्चमध्येही वर येतो आणि माणसंही नेमकी येतात. हा मात्र सल्ला खरा होता. मामा बोलत गेले, तो लिहीत गेला. बॅगची चेन अडकली तर ओढू नका, दातांवर मेणबत्ती घासा. चेन लागूनही मागून उघडत असेल तर रनर, म्हणजे चेनवरचा सरकणारा तुकडा, पकडीने हलकेच दाबा.

"अहो, सगळं सांगून टाकलंत, तर लोक येतील कशाला?" मामी म्हणाल्या.

"अगं, दोन मिनिटांचं काम. त्यासाठी माणसाने जिना शोधत यायचं?"

झालं! मी पहिल्या पानावर गेले. माणसांची रीघ लागली. येतात, वाचतात, मेणबत्ती घासतात आणि खुशाल निघून जातात. माझ्याकडे गर्दी, मामांसमोरचं स्टूल रिकामं. ह्याला काय म्हणावं? मला चीड येते, खरंच चीड येते.

मेणबत्तीने सगळंच भागत नाही. 'निरोप लिहा' अशी एक चौकट माझ्या तळाशी आहे. तिथे एकाने लिहिलं, 'वडिलांची बॅग आहे, टाकवत नाही. दुकान कुठे आहे?' एकीने विचारलं, 'तुम्ही मोठ्या रस्त्यावरचेच मामा का? दुकान बंद झालं का हो?' हे निरोप थेट भाच्याच्या मेलच्या पेटीत जातात. भाच्याने नवी नोकरी धरली, तो दूर गेला, आणि ती पेटी त्याने अजून उघडलेलीच नाही.

पत्ता का नाही, म्हणाल. भाच्याने विचारला होता. पण मामांना जन्मात कधी पत्ता सांगावा लागलेला नाही. "पत्ता कशाला? लिही, जुन्या दुकानाच्या मागे. विचारलं की कोणीही सांगेल." त्याने तस्संच लिहिलं.

मुदत संपली. उद्या मशीन न्यायला माणूस येणार होता. आज दुपारी मामींनी मला मोबाइलवर उघडलं आणि पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकासारखं तळापर्यंत वाचलं.

"अहो, हे काय? कोणाला विचारायचं? पाडलेल्या भिंतींना?"

मामा बघतच राहिले. "अगं, खरंच की."

भाच्याला फोन लावला, तो बंद. तेवढ्यात मामींना ती चौकट दिसली. एक एक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'मोठ्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत वळा. औषधांच्या दुकानाला लागून जिना आहे, त्याच्याखाली आमचं दुकान. चालू आहे. या.' आणि 'पाठवा' दाबलं.

मला स्वतःहून एकच वाक्य बोलता येतं. तेवढंच बोलले. 'आपला निरोप मिळाला, धन्यवाद.'

"लागला पत्ता वेबसाइटवर!" मामी म्हणाल्या. "आता बघा, येतात की नाही लोक." मामांनी मशीनवाल्याला चार दिवस थांबायला सांगितलं आणि मशीनला तेल घातलं.

पत्ता जाऊन पडलाय भाच्याच्या पेटीत, 'दुकान कुठे आहे?' ह्या प्रश्नाला अगदी चिकटून. दोन्ही न उघडलेले. भाचेबुवा, हात जोडते, पेटी उघडा.

तोवर तुम्हाला तरी पत्ता कळलाय. घरात एखाद्या बॅगची चेन अडकून पडली असेल, तर कृपा करून मेणबत्ती घासू नका. ती तशीच उचला आणि मामांकडे घेऊन जा.