हातमोज्यांचा पुसलेला फोटो

मित्रांनो, कॅमेऱ्याला शिसारी येते, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल. मला येते. मी वृत्तपत्राच्या एका छायाचित्रकाराचा जुना कॅमेरा आहे आणि सध्या सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात, मोडक्या इस्त्रीच्या शेजारी पडून असतो. माझ्या काचेवर बुरशी धरली आहे. तिचे मला काही वाटत नाही. मी जे पाहिले, त्यापुढे ही बुरशी स्वच्छच म्हणायची.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आत धुळीचा एक कणही जाऊ नये, म्हणून मला जोडणारी माणसे तोंडाला फडके बांधून काम करत. इतक्या सोवळ्यात जन्मलेला मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात आलो आणि तिथून दिगंबरने मला घरी आणले. तो तेव्हा नुकताच वृत्तपत्रात लागला होता. दिवसभर मला हातातून खाली ठेवेना. त्याच्या बायकोने, दीपमालावहिनींनी, मला हळदकुंकू लावले आणि म्हणाल्या, "आता याचं रेशनकार्डावर नाव तेवढं घालायचं राहिलंय."

तो दिगंबर मला फार आवडायचा. येरवड्याच्या तुरुंगाबाहेर भेटीच्या दिवशी नातेवाइकांची रांग लागते. एकदा त्या रांगेतल्या एका बाईने मला पाहून पदर तोंडावर ओढला. दिगंबरने मला लगेच पिशवीत ठेवले, तिला चहा आणून दिला आणि तिचे बोलणे ऐकत तासभर फुटपाथवर बसला. फोटो मिळाला नाही म्हणून ऑफिसात त्याने बोलणी खाल्ली. मांजरी गावी उसाच्या फडात गेला, तेव्हा तोडणी करणाऱ्यांच्या पंक्तीला बसून भाकरी खाल्ली, आणि मगच "काढू का फोटो?" असे विचारले. त्या दिवसांत त्याच्या गळ्यात मी उजळ माथ्याने लटकत असे.

मग श्यामसुंदर नावाचे नवे साहेब आले. ते फोटो बघायचे आणि नाक मुरडायचे. "अहो दिगंबर, ही बाई गरीब वाटतच नाही. चांगली हसतेय की! सकाळी चहा घेताना वाचक हलला पाहिजे."

दिगंबर आधी वैतागला, मग शिकला. हसणाऱ्याला म्हणू लागला, "हसू नका." पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायला लावू लागला. पत्र्याच्या एका खोलीत कोणी पै पै साठवून घेतलेला टीव्ही होता. तो दिगंबरने त्यांच्याच चादरीने झाकला, आणि घरची माणसे अपराधी चेहऱ्याने बघत राहिली. मला पहिल्यांदा मळमळले ते तेव्हा.

आता शकूताईंचे सांगतो. शकूताई मराठवाड्यातून पोटासाठी पुण्यात आल्या आणि येरवड्यात घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. त्यांचा ठेकेदार रणजित बायकांना हातमोजे देत नसे. कितीदा मागितले, तरी "उद्या बघू" म्हणे. शेवटी शकूताईंनी सगळ्या बायका जमवल्या आणि आठ दिवस त्याच्या दारात ठाण मांडले, तेव्हा कुठे जाड लाल रबरी हातमोजे मिळाले. दिगंबर त्यांच्या कामाचे फोटो काढायला गेला, तेव्हा ओळख झाल्या झाल्या त्यांनी ही हकिगत त्याला सांगितली आणि दोन्ही हात वर करून ते हातमोजे दाखवले. दिगंबरने उजेड कसा येतो हे बघायला एक फोटो काढला. शकूताई हसत होत्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो होता.

दिगंबरने तो पाहिला आणि तोंड वाकडे केले. "ताई, दोन मिनिटं हातमोजे काढता का? हात दिसत नाहीत."

"हात घाण होत्याल की, दादा."

"तेच तर हवंय. तुमचा त्रास लोकांना कळायला नको का?"

शकूताई घुटमळल्या. पण माणूस आपलीच बाजू मांडायला आलाय, त्याला नाही कसे म्हणायचे? त्यांनी हातमोजे काढून ढकलगाडीच्या दांड्याला अडकवले आणि ओल्या कचऱ्यात हात घातला. नासलेला भात, लहान मुलांचे डायपर, फुटकी बाटली. "एकदा परत," दिगंबर म्हणाला. "अजून आत. माझ्याकडे बघू नका." असे त्याने अकरा वेळा करायला लावले. मीही अकरा वेळा ते टिपले. यंत्राला ओकता येत नाही, एवढाच काय तो फरक.

फोटो पहिल्या पानावर आला. साहेब खूश झाले. छायाचित्रांच्या एका मोठ्या स्पर्धेत तो पहिल्या तिघांत निवडला गेला. आणि तिकडे रणजितला आयतेच कोलीत मिळाले. हातमोजे दिलेले असताना घातले नाहीत, नियम मोडला, ठेक्याची बदनामी केली, असे म्हणून त्याने शकूताईंना कामावरून काढले. त्यांच्या वाट्याच्या इमारती दुसऱ्या बाईला दिल्या. ज्या बाईने हातमोजे मिळवले, तिचेच काम हातमोज्यांवरून गेले.

चार दिवसांनी शकूताई पत्ता शोधत आमच्या घरी आल्या. खुर्चीवर बसायला तयार होईनात. "दादा, तुमी पयला फोटो काढला व्हता ना? हातमोजे घातलेला? त्यात तारीख, टाइम समदं असतंय, असं पोरगी म्हनती. तेवढा द्या. म्होरल्या मिनिटाला तुमच्या सांगन्यावरनं काढले, हे ठेकेदाराला दाखवते."

मी समोरच्या टेबलावर होतो. तो फोटो माझ्या पोटात होता. पण दिगंबरला वेगळीच चिंता लागली होती. निकालाआधी स्पर्धेचे परीक्षक त्या वेळचे सगळे फोटो मागवतात आणि सांगून घडवून आणलेला फोटो बाद करतात. हातमोज्यांचा फोटो बाहेर आला असता, तर शकूताईंचे काम वाचले असते आणि दिगंबरचे बक्षीस गेले असते. एवढा साधा हिशोब होता. मित्रांनो, मला वाटले, तुरुंगाबाहेर चहा आणून देणारा माझा दिगंबर आता मला उचलेल.

"तो उडाला हो, ताई," तो तोंड वर करून म्हणाला. "खराब आला होता, म्हणून तेव्हाच काढून टाकला."

शकूताईंनी लगेच विश्वास ठेवला. वर त्याचीच समजूत घातली, "असू द्या, दादा. तुमी तरी किती फोटो जपायचे?" आणि त्या चपला घालून जिना उतरल्या.

दार लागल्यावर दिगंबरने मला उचलले. पडद्यावर शकूताई हात वर करून हसत होत्या. त्याने बटण दाबले. मी नियमाप्रमाणे विचारले, पुसायचा का? त्याने हो म्हटले. मी पुसला. किळस कोणाची जास्त आली, त्याची की माझी, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

दीपमालावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "झालं पुसून? मग आपणही हात धुऊन घ्या. चहा ठेवलाय."

बक्षीस मिळाले. त्याचे प्रशस्तिपत्र हॉलमध्ये टांगले गेले. सहाएक महिन्यांनी दिगंबर भंगाराचे फोटो काढायला एका आवारात गेला. तिथे उन्हात एक बाई काचेचे तुकडे निवडत बसली होती. शकूताईच होत्या. तिथे हातमोजे कोणी देत नव्हते आणि मागायला बरोबर बायकाही नव्हत्या. एका बोटाला चिंधी बांधली होती. त्यांनी दिगंबरला ओळखले, कामाच्या घाईत मान हलवली आणि न सांगताच दोन्ही हात उजेडाकडे धरले.

"दिसत्यात ना हात, दादा?"

मी तेव्हा अडकून बसलो, बिघडलो, फोटो काढायला नकार दिला, असे तुम्हाला सांगायला मला फार आवडले असते. तसे काही झाले नाही. मी फोटो काढला. चांगला आला. त्यानंतर दिगंबरने नवा कॅमेरा घेतला आणि मला इस्त्रीशेजारी ठेवून दिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. माझ्यावर धूळ बसू दे. पण आता तुमच्या प्रत्येकाच्या घरात फोनमध्ये एक कॅमेरा आहे. तो कोणासमोर धराल, तेव्हा त्या माणसाला आहे तसे उभे राहू द्या. तो हसत असेल, तर हसू द्या. त्याने अंगावर जे अभिमानाने घातले आहे, ते उतरवायला लावू नका. आणि तुमच्या फोटोमुळे त्याचे काही बिघडले व तो दारात आला, तर त्याला खरे सांगा, मग तुमचे काहीही जावो. शकूताई आजही त्या आवारात उघड्या हातांनी काच निवडत असतील.