तीन हजार सहाशे त्रेपन्न

तिनं कमांड पुन्हा एकदा, या वेळी एकेक अक्षर बघत टाइप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर तीच ओळ उमटली. मूळ प्रमाणपत्राची मुदत : दहा तारीख. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळचे अकरा चाळीस.

शेजारच्या रजिस्टरात, बाबांच्या उजवीकडे कललेल्या अक्षरात, बारा तारीख लिहिलेली होती. आज दहा होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊला दहा कमी होते.

रक्तपेढीचे चौदा संगणक इथं आणि चार दवाखान्यांत विखुरलेले होते. इथल्या सर्व्हरशी बोलण्याआधी त्यातला प्रत्येक जण त्याची ओळख तपासून घेई, आणि त्या ओळखीच्या मुळाशी हे एकच प्रमाणपत्र होतं. त्याची मुदत संपली की चौदाही यंत्रं सर्व्हरला परका समजून गप्प बसणार. मग कोणत्या रुग्णाला कोणती पिशवी जुळते, हे फोनवर विचारावं लागणार. फोनवर ऐकलेला रक्तगट कागदावर चुकीचा उतरायला कितीसा वेळ लागतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं.

दहा वर्षांपूर्वी ते प्रमाणपत्र बाबांनी बनवलं होतं. तेव्हा ते इथले मुख्य तंत्रज्ञ होते. वापरलेली कमांडही त्यांनी रजिस्टरात उतरवून ठेवली होती. तिनं बोट फिरवत ती वाचली आणि ‘दिवस’ या शब्दापुढे थांबली. ३६५०. दहा गुणिले तीनशे पासष्ट. मधली दोन लीप वर्षं धरलीच नव्हती.

बाबांनी लिहिलेलं पडताळून पाहावं, असं दहा वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याही नाही. परवा बाबा समारंभानं येणार, चहा होणार, सगळे बघायला जमणार. तेव्हा फजिती नको म्हणून ती आज नुसती रंगीत तालीम करत होती.

तिनं फोन लावला.

“बाबा, तुम्हाला आज यावं लागेल. आत्ताच.”

“आज? बारा परवा आहे गं. माझा शर्ट अजून इस्त्रीवाल्याकडे आहे.”

“कुठलाही घाला. नाहीतर तुमचा अर्धा पासवर्ड फोनवर सांगा.”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

“फोनवर? अर्धासुद्धा नाही. येतो मी.”

नवं प्रमाणपत्र बनवायला मूळ किल्ली लागे, आणि तिचा पासवर्ड दोन तुकड्यांत होता. एकाच माणसाच्या हाती सगळं नको, हा बाबांचाच नियम. निवृत्त होताना पहिला तुकडा त्यांनी तिला दिला आणि दुसरा डॉक्टरबाईंना द्यायचा सोडून स्वतःजवळ ठेवला. “तीन वर्षांनी लागणार तो. तेव्हा मी येईनच की,” म्हणाले होते. त्यांच्या खुर्चीवर ती आली तेव्हा रजिस्टरात त्यांनी ‘प्रभारी मुख्य तंत्रज्ञ’ असं लिहिलं. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. ओळखीपाळखीत ते अजून सांगत, “माझं काम सध्या मुलगी बघते.”

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई दारात डोकावल्या.

“फाटकावर तुझे बाबा आलेत. परवा होतं ना?”

“खबरदारी म्हणून दोन दिवस आधी करतोय, मॅडम,” ती म्हणाली. नजर मात्र कीबोर्डवर होती.

बाबा आले ते फाटकावरच्या पहारेकऱ्याशी, शीतगृहातल्या माणसाशी, समोर येईल त्याच्याशी बोलत. शीतगृहातला माणूस बाराही महिने स्वेटर घाली. सगळे त्याला फ्रीजर म्हणत.

“काय फ्रीजरराव, माझी सिस्टिम छळत नाही ना?”

“छळते कसली साहेब, दहा वर्षं शिंकलीसुद्धा नाही!”

बाबांची मान आणखी ताठ झाली. तिनं दार लोटून घेतलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा पुसला. तारीख वाचली. रजिस्टर पाहिलं. मग त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकू लागला, वर्षं मोजत. एका पेरावर टेकला, पुढे गेला, दुसऱ्यावर टेकला. तिथंच राहिला.

“बाहेर काय सांगितलंस?”

“खबरदारी म्हणून.”

कपाटातून तिनं जुना लॅपटॉप काढला. त्याला कधीच कुठलं नेटवर्क दाखवलेलं नव्हतं. मूळ किल्ली त्यात होती. तिनं कमांड लिहायला घेतली. किल्ली तीच, मुदत नवी.

“तीन हजार सहाशे बावन्न टाक,” बाबा हलक्या आवाजात म्हणाले.

“त्रेपन्न.”

“कसे? दहा वर्षांत लीपचे दोन...”

“मागच्या दहांत दोन. पुढच्या दहांत तीन येतात.”

अंगठा पुन्हा पेरांवर गेला. तिसऱ्यावर टेकला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आजच पहिल्यांदा भेटत असल्यासारखं. मग खुर्ची जवळ ओढून घेतली.

तिनं आपला तुकडा टाइप केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मागून दोन बोटांची टकटक ऐकू आली. बाबांना दहा बोटांनी टायपिंग कधी जमलंच नव्हतं.

नवं प्रमाणपत्र दीड सेकंदात तयार झालं. ते तिनं पेनड्राइव्हवरून आपल्या संगणकावर घेतलं आणि चौदा यंत्रांकडे पाठवणारी स्क्रिप्ट सुरू केली. एकेक ओळ उमटू लागली. ठीक. ठीक. ठीक. अकराव्या यंत्रापाशी सगळं थबकलं. ते शीतगृहातलं यंत्र होतं.

“फ्रीजर! तुझा संगणक बंद आहे का?”

“थंडीनं काकडला असेल, ताई!” पलीकडून आवाज आला, मागोमाग धावणारी पावलं.

ठीक. बाकीची तीनही ठीक. अकरा वाजून एकवीस मिनिटं. जुन्या प्रमाणपत्रावर आता कुणी विसंबून नव्हतं. तरी दोघंही घड्याळाकडे बघत बसून राहिले. अकरा चाळीस झाले. एक्केचाळीस. त्रेचाळिसाव्या मिनिटाला एका दवाखान्याच्या शस्त्रक्रिया विभागातून मागणी आली : ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. नेहमीसारखी बारीक घंटी वाजली आणि शीतगृहाचं दार उघडल्याचा आवाज आला.

चहा आज झाला. बाबांनी दोन कप घेतले, आणि नेहमीचे किस्से न सांगता सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिला सर्व्हरच्या खोलीतून एक हाक आली म्हणून ती गेली. परतली तेव्हा ते निघून गेले होते.

नोंद करायला तिनं रजिस्टर ओढलं. वाक्य मनात तयार होतं : खबरदारी म्हणून मुदतीआधी नूतनीकरण. रजिस्टरात माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त पद लिहायचं, हाही बाबांचाच नियम.

नोंद आधीच झालेली होती. शाई नुकती वाळलेली, अक्षरं उजवीकडे कललेली.

“मुदत नोंदीपेक्षा दोन दिवस आधी संपत होती. कारण : लीप दिवस धरले नाहीत. चूक : माजी मुख्य तंत्रज्ञ. पकडली : मुख्य तंत्रज्ञ. पासवर्डचा दुसरा तुकडा आज बंद लिफाफ्यात रक्तपेढी प्रमुखांकडे सोपवला.”

तिनं ‘पकडली’च्या पुढचे दोन शब्द पुन्हा वाचले. त्यांच्या आधी ‘प्रभारी’ लिहिलेलं नव्हतं, खोडलेलंही नव्हतं.

रजिस्टर हातात तसंच धरून ती खिडकीशी गेली. खाली फाटकाजवळ बाबा पहारेकऱ्याला काहीतरी समजावून सांगत होते. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. पहारेकरी मान पुढे काढून मन लावून बघत होता. अंगठा तिसऱ्या पेरावर येऊन थांबला. मग बाबांनी हात उचलून वर, तिच्या खिडकीकडे बोट केलं.