पुढचं की पुढचा

बाबांवर नऊ घाव पडले. त्यातले चार त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये नोंदले गेले, कारण घाव कीबोर्डचे होते आणि चौथ्यापर्यंत त्याची वायर तुटली नव्हती. उरलेल्या पाचांना साक्षीदार मी.

कीबोर्ड जुना, आतून लोखंडी पत्रा असलेला, दोन किलोंचा. नवे कीबोर्ड म्हणजे बिस्किटं, असं बाबा म्हणत.

आमची कंपनी लहान. बावीस माणसं, कारखान्यांतल्या कामगारांच्या पाळ्या लावणारे प्रोग्रॅम लिहितो. नवा माणूस घ्यायचा तर परीक्षा बाबाच घेत. उमेदवाराला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचं, चाळीस ओळींचा एक प्रोग्रॅम दाखवायचा आणि त्यातली चूक शोधायला सांगायचं. नवीन काही लिहायचं नाही. दुसऱ्याने लिहिलेलं वाचता येतं का, एवढंच ते बघत. याला ते कोडं म्हणत. कोडी दोन होती. पहिलं ज्याला सुटलं नाही त्याला बाबा चहा पाजत, घरच्यांची चौकशी करत आणि ‘कळवतो’ म्हणत. ज्याला सुटलं त्याला चहा नाही की शाबासकी नाही, नुसता एक शब्द: ‘पुढचं.’ म्हणजे, आता पुढचं कोडं घ्या. आमच्याकडच्या प्रत्येकाने तो ऐकलेला होता. ऑफिसात कुणाचं अडलेलं काम सुटलं की बाकीचे जागेवरून ओरडत, ‘पुढचं!’

दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका येऊन गेला. हात सुधारला, जीभ जड राहिली. शब्दांची शेपटं सांडायची. ‘पुढचं’ म्हणाले की परक्याला ‘पुढचा’ ऐकू यायचं. तेव्हापासून मी परीक्षेला शेजारी बसायचे आणि त्यांचं बोलणं पुन्हा नीट म्हणायचे. त्यांना ते मुळीच खपत नसे.

“आज मध्ये बोलायचं नाही,” त्या दिवशी सकाळी ते म्हणाले. “मला अजून तोंड आहे. दुभाषी नकोय.”

“बरं. सांभाळा तुमचं तोंड तुम्हीच,” मी म्हणाले.

भांडण एवढंच. पण मी ते मनात धरून बसले.

उमेदवार चाळिशीचा होता. त्याला नऊची वेळ दिली होती आणि एका गिऱ्हाइकाचं काम अडलं म्हणून साडेबारापर्यंत बाहेर बसवून ठेवला होता. आत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, पण बोलणं मोकळं.

“सर, सहावी जागा ही माझी,” तो म्हणाला. “चौदा वर्षं हेच करतोय, तरी जाईन तिथे परीक्षा. मागच्या ठिकाणी तर माणूसच नव्हता समोर. मशीनने प्रश्न विचारले, मशीननेच घरी पाठवलं. सुताराला म्हणतं का कुणी, आधी एक स्टूल करून दाखव?”

“मी म्हणतो,” बाबा म्हणाले. “म्हणून माझी स्टुलं डुगडुगत नाहीत.”

हे त्याला बरोबर ऐकू आलं. तो हसलाही.

त्याने कोडं नऊ मिनिटांत सोडवलं. बहुतेकांना अर्धा तास लागतो. तेविसाव्या ओळीवर कर्सर ठेवून म्हणाला, “मोजणी एक घर आधी थांबतेय. यादीतला शेवटचा माणूस पाळीतून गळतो.”

बाबांनी तो शब्द उच्चारला.

“पुढचा?” तो म्हणाला. “पुढचा म्हणजे?”

बाबांनी मान हलवली, हसले आणि पुन्हा तेच म्हणाले. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूने चढायचं. माहीत नसलेल्याला ते कुत्सित वाटे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, हे काय म्हणतायत?”

“त्यांनाच विचारा,” मी म्हणाले.

तो उठला. “बरोबर आहे ना माझं? अहो, बरोबर आहे ना? मग कोण पुढचा? कुणाला बोलावताय?” बाबा खुर्चीचा हात धरून काहीतरी सांगायला लागले. घाई झाली की त्यांची जीभ पुरतीच अडखळायची. त्याने कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि घातला.

पहिला घाव कपाळाच्या डाव्या बाजूला बसला. नोंदीत त्या वेळी वरच्या रांगेतली सात अक्षरं आणि दोन आकडे आहेत. दुसऱ्याने चष्मा आणि नाक. नाक मोडल्याचा आवाज अगदी बारीक असतो. तिसरा बाबांनी वर केलेल्या हातावर पडला, नोंदीत तीनच अक्षरं. चौथ्या वेळी एकच अक्षर एकशे सहा वेळा उमटलं आहे. तेवढा वेळ तो कीबोर्ड बाबांच्या तोंडावर दाबून उभा होता. मग वायर तुटली. पुढचे पाच त्याने बाबा खाली कोसळल्यावर गुडघ्यांवर बसून घातले, खिळा ठोकावा तसे, एकसारखे.

तोवर मी जागची हलले नव्हते. मग हलले. कपाटावरचं मोठं पंचिंग मशीन उचललं आणि त्याच्या कोपरावर मारलं. कोपर उलटं गेलं. कीबोर्ड पडला. तो माणूस सरकत भिंतीला टेकला आणि चांगला हात पुढे धरून म्हणाला, “थांबा मॅडम, थांबा.” मी त्यानंतर तीनदा मारलं. खांद्यावर, कानावर, जबड्यावर. आमच्यातल्या दोघांनी मला मागून कवेत धरून ओढलं नसतं तर आणखी मारलं असतं. मारताना बरं वाटत होतं.

बाबा दवाखान्याच्या दारातच गेले. तो जगला, पहाऱ्यात आहे.

माझा जबाब अकराव्या दिवशी सकाळी होता. दादा आदल्या दिवशी दुपारीच आला. वकिलाने त्याला समजावलं होतं: माणूस ठरवून आला असेल तर तो पुन्हा बाहेर येत नाही, भडकून केलं असेल तर काही वर्षांत सुटतो.

“सोपं आहे,” दादा म्हणाला. “तो आल्यापासून धमक्या देत होता, एवढं म्हण. आत तुम्ही तिघंच होता.”

“धमक्या नव्हता देत. त्याला ‘पुढचा’ ऐकू आलं, दादा. त्याला वाटलं हाकलतायत.”

“मग? व्याकरण शिकवायला जाणारेस तिथे?”

“जे झालं ते सांगणार.”

दादाने कपाटाच्या काचेवर मूठ मारली. काच खाली आली, मनगटापासून कोपरापर्यंत रक्त ओघळलं, त्याने पाहिलंसुद्धा नाही. “ओळख पटवायला मला बोलावलं होतं,” तो म्हणाला. “तोंड नव्हतंच तिथे. कानावरून ओळखलं मी बाबांना. आणि तू त्याला सोडवायला निघालीस?”

मी त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला. त्याने तो गुंडाळू दिला. मी त्या उमेदवाराला काय उत्तर दिलं होतं, ‘त्यांनाच विचारा’, हे दादाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. ऐकणारे दोघे, त्यातले एक गेले, आणि दुसऱ्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. बोलायला लागला तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

चौकीवर दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. तपास अधिकारी विचारत होता, लेखनिक टाइप करत होता. त्याने वाचून दाखवलं, “वडील त्यास ‘पुढचा’ असे म्हणाले.”

“चा नाही,” मी म्हणाले. “चं.”

“काय फरक पडतो, बाई?”

“‘चा’ म्हणजे जा, दुसरा येऊ दे. ‘चं’ म्हणजे तो पास झाला होता. बाबांना तो आवडला होता.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “हे तुम्हाला तिथे कळलं होतं?”

“हो.”

“मग त्याला सांगितलं का नाही?”

दादा म्हणाला, “ती घाबरली होती, साहेब.”

“नाही,” मी म्हणाले. “तेव्हा घाबरण्यासारखं काही झालंच नव्हतं. त्याने मला विचारलं होतं, हे काय म्हणतायत. मी म्हणाले, त्यांनाच विचारा. सकाळी बाबांशी भांडले होते. त्यांची जिरू दे, असं वाटलं.”

दादा उठला कधी ते मला कळलं नाही. माझे केस त्याच्या मुठीत होते आणि टेबलाची कड माझ्या तोंडावर आली. एकदा, मग परत. दात तुटून जिभेवर आला. दारातल्या शिपायाने आणि अधिकाऱ्याने मिळून त्याला सोडवलं. तो ओरडत नव्हता, लहानपणी ताप चढला की कण्हायचा तसा कण्हत होता. त्याला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. शिपाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

“यांच्यावर तक्रार घेऊ?” अधिकाऱ्याने विचारलं.

“नको.” मी रुमालात थुंकले. “माझं राहिलंय. मी त्याला चारदा मारलं. माझा पहिला घाव बसला तेव्हा त्याच्या हातात कीबोर्ड होता. बाकीचे तीन तो थांबा म्हणाल्यावरचे.”

“बाई, हे तुमच्यावर शेकेल. आधी वकिलाशी बोला.”

“लिहून घ्या,” मी म्हणाले.

लेखनिकाने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने मान हलवली. बोटं पुन्हा चालू झाली तशी मी कीबोर्डच्या त्या आवाजाने खुर्ची धरली आणि तो थांबेपर्यंत धरून बसले. मग त्यांनी पानं माझ्यासमोर सरकवली. मी प्रत्येक ओळ वाचली, एक चूक सुधारायला लावली आणि सही केली.