शेवटच्या भागाचा मुहूर्त

"सरक की गं थोडी. तुझ्या अंबाड्यामागं सगळं लोपिताल दडलं."

शेजारची हिरा पुटपुटली ती ताट घेऊन वाकलेल्या भगवतीच्या कानाशी, पण बोलणं होतं पुढं बसलेल्या सत्यवतीला. सत्यवतीनं ते ऐकलं आणि मान आणखी ताठ केली. तिच्या अंबाड्याच्या एका अंगाला टीव्हीवरच्या हॉस्पिटलची खाट दिसत होती, दुसऱ्या अंगाला सलाइनची बाटली. मध्ये निजलेला नाटकातला नवरा काही दिसत नव्हता.

भगवतीनं गातो पिमांचं ताट चटईवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली. डाळीचे ते तिखट वडे तिनं दुपारभर तळले होते. मयताला आलेल्यांना वडे, साखरपुड्याला आलेल्यांना वडे. आज घरात यातलं नेमकं काय आहे असं कुणी विचारलं असतं, तर तिनं मुकाट्यानं कढईकडं बोट दाखवलं असतं.

"पडला एकदाचा आजारी," ती म्हणाली. "मी म्हटलंच होतं. तिकडच्या नवऱ्यांना आपली चूक कळायला आधी खाट लागते."

"शुभ बोल गं," सत्यवती मागं न बघता म्हणाली. "आज शेवटचा भाग आहे."

शेवटचा भाग आहे, हे भगवती आठवडाभर ऐकत होती. पंचांगात दसरा यावा तसा तो येत होता. सत्यवती तिची थोरली नणंद, आणि घरातले सगळे मुहूर्त सत्यवतीच काढायची. गणपतीला माहेरी आलेली इंद्राणी, भगवतीची एकुलती एक लेक, विसर्जन होऊन ऊस कापून झाला तरी पांपलमूसला नवऱ्याकडं परत गेली नव्हती. नवऱ्याचं बाहेर दुसरं घर होतं. त्या घरातली बाईच एक दिवस इंद्राणीच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिला ते कळलं. आता ते सगळं मिटलं, संपलं, फिनी, असं नवरा सांगत होता. तेव्हा सत्यवतीनं बेत आखला. जावई यशपाल आणि त्याची आई शेवटच्या भागाला येतील. टीव्हीवरची मेहरुन्निसा आपल्या नवऱ्याला माफ करील. ती माफ करणार यात कुणाला शंका नव्हती. घरातल्या सगळ्यांची काळजं मऊ होतील आणि त्याच ओलाव्यात इंद्राणीची ओटी भरून टाकायची. एकदा पदरात तांदूळ पडले की लेकीला सासरी जावंच लागतं. माणसांना नाही म्हणता येतं, तांदळाला येत नाही.

"भटानं काढलेला मुहूर्त फुकट गेला," भगवती तेव्हाच म्हणाली होती. "आता टीव्हीवाल्यांचा बघू या."

सत्यवतीनं ते हसण्यावारी नेलं होतं. भगवतीचं बोलणं हसण्यावारी न्यायची घरात जुनी सवय होती.

आता यशपाल खुर्चीवर बसला होता, गुडघे जुळवून, बुटांना पॉलिश करून. शेजारच्या खुर्चीत त्याची आई चंद्रकला, मांडीवर बिस्किटांचा डबा घट्ट धरून, जणू मनासारखं झालं नाही तर तो परत न्यायचा होता. इंद्राणी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. ती फ्लाकच्या स्वेटरच्या कारखान्यातून, युझिनमधून, नुकतीच आली होती. आत्यानं दारातच तिला साडी गुंडाळली होती, पण केसांत लोकरीचे निळे तंतू तसेच होते.

"बाबांना म्हणावं, आत या. गार वारा सुटलाय," भगवती लेकीला म्हणाली.

हरिप्रसाद बाहेर वरांगात बसला होता. वरांगा म्हणजे खिडकीपलीकडची पडवी, हातभर अंतरावर. बायकोचा शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला होता. तरी इंद्राणीनं जाऊन निरोप सांगितला आणि परत येऊन उत्तर सांगितलं, "येतो म्हणाले."

"अयो, किती गोड गं," चंद्रकला म्हणाली. "विहीणबाई अजून नवऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. असं वळण आता कुठं राहिलं?"

"जुन्या वळणाची आहे आमची भगवती," सत्यवती अभिमानानं म्हणाली.

भगवतीनं एक वडा उचलला, मोडला, आणि न खाताच परत ताटात ठेवला.

"अगं, तो डॉक्टर काय म्हणाला?" हिरानं कोपर मारलं.

हे दुसरं दुखणं. हिंदी सिनेमा सगळ्यांना कळायचा, पण पाकिस्तानी नाटकातली उर्दू भरभर आणि जड. ती समजायची एकट्या भगवतीला. लग्नाआधी ती सांत्र द फ्लाकला साफूराबीकडं शिवण शिकायला जायची. साफूराबी काज करता करता उर्दू बोलायची आणि उर्दूतच रागवायची. त्यामुळं दर आठवड्याला सगळी चटई भगवतीच्या तोंडाकडं बघायची. नाटक टीव्हीवर व्हायचं एकदा आणि भगवतीच्या तोंडून दुसऱ्यांदा.

"डॉक्टर म्हणाला, याला धक्का सोसणार नाही," भगवती म्हणाली. "म्हणजे आता तिनं काही बोलायचं नाही. तिला सोसले तेवढे धक्के पुष्कळ झाले."

खरं म्हणजे हे नाटक सुरुवातीला तिला फार आवडलं होतं. मेहरुन्निसाचा वकील नवरा दुसरं लग्न करून आला, तेव्हा ती किंचाळली नाही, बेशुद्ध पडली नाही. ती कांदा चिरत होती, तो तिनं चिरून संपवला. मग उठली आणि शाळेत मास्तरणीची नोकरी धरली. सासूला म्हणाली, तुमच्या मुलाला भूक लागली असेल तर त्याला दोन घरं आहेत, मला एकच पोट आहे. त्या दिवशी भगवतीनं ते वाक्य चटईला दोनदा सांगितलं होतं, कुणी विचारलं नसताना. लाहोर कुठं, हे बेट कुठं, आणि ती बाई जणू उसाच्या पलीकडच्या घरातली. पण मग लिहिणारा दमला असावा. भागामागून भाग मेहरुन्निसाचा आवाज बारीक होत गेला, पदर डोक्यावर आला, नमाजाचा जानमाज पसरला गेला, आणि शेजारपाजारच्या बायका येऊन तिला सांगू लागल्या की बाईचं खरं सोनं म्हणजे तिची माफी. ते सोनं नवऱ्याकडं का असू नये, हे एकाही भागात कुणी विचारलं नाही. साफूराबी असती तर म्हणाली असती, आमच्यात काडीमोड घेतलेल्या बायका चांगल्या जगतात गं, पण त्यांचं नाटक कोण लिहिणार? त्यात रडायला काय आहे?

"मामी," यशपाल एकदम म्हणाला. जाहिरात लागली होती, साबणाची. "मामी, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस? तू माझ्याशी लग्न केलंस का?"

हिरा पदरात फिसकन हसली. सत्यवतीनं तिच्या मांडीवर चापट मारली.

"पुरुषमाणूस आहे," चंद्रकला समजुतीनं म्हणाली. "एखादं पाऊल वाकडं पडतं."

"पाऊल नव्हतं ते," इंद्राणी दारातून म्हणाली. "सगळा माणूस गेला होता."

"बघ, बघ, कशी बोलते!" सत्यवती वळली. आता टीव्ही सगळ्यांना नीट दिसू लागला, पण तिकडं कुणी बघेना. "युझिनचा पगार बोलतोय हा. पोरी, आईकडं बघ जरा आपल्या. हरिप्रसाद फ्लाकला राहत होता, तेव्हा तू पाळण्यात होतीस. एक शब्द बोलली का भगवती? परत आला तेव्हा पाय धुवायला पाणी दिलं तिनं. भात वाढला. सागरासारखं मन! म्हणून आज हे घर उभं आहे, रंगीत टीव्ही आहे."

'हरिप्रसाद फ्लाकला राहत होता तेव्हा.' इतक्या वर्षांत या वाक्याच्या पुढं कुणी कधी गेलं नव्हतं. ब्रीझे वेर्दिएर या त्यांच्या गावाहून फ्लाकची बस दिवसभर असते, बाजाराला गेलेली माणसं जेवायच्या वेळेला घरी परततात. तरी हरिप्रसादला तिथं राहावं का लागलं, हे कुणी विचारत नसे. गावानं त्या दिवसांवर एक चादर टाकली होती आणि चादरीवर भगवतीला बसवलं होतं, मूर्तीसारखं. गावात कुणाच्या संसाराला तडा गेला की भगवतीचं उदाहरण द्यायचं. हरिप्रसाद परत आला त्या दिवशीही हा बेत सत्यवतीचाच होता. तिनं भावाला हाताला धरून आणलं, भगवतीला उभं केलं, तिची ओटी भरली, सगळ्या बायका रडल्या. भगवती त्या वेळी काय म्हणाली होती, हे कुणाला आठवत नव्हतं. ती काही म्हणालीच नव्हती.

"लागलं, लागलं!" हिरा ओरडली. "मेहरू आली!"

मेहरुन्निसा पांढऱ्या ओढणीत आली. खाटेवरचा नवरा छताकडं बघत होता. दुसरी बायको त्याच्या आजारपणात पळून गेली होती, हे मागच्याच भागात झालं होतं. दुसऱ्या बायका नेहमी नेमक्या वेळी पळून जातात. नवऱ्याच्या डोळ्याच्या कडेनं एक थेंब ओघळला. मेहरुन्निसानं तो बोटानं टिपला. मग ती बोलली, थोडंसंच, आणि मागं सारंगी वाजू लागली.

"काय म्हणाली? भगवती, काय म्हणाली?"

भगवती ताटातले वडे सारखे करू लागली.

"सांग की गं! इतके भाग सांगितलेस आणि आता?"

"काय म्हणणार?" भगवतीचा आवाज चिडका आला. "लिहून दिलं होतं तेच म्हणाली."

पण तेवढी उर्दू सगळ्यांना येत होती. चटईवर नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. चंद्रकलानं चष्मा काढला. यशपालनं खाली बघून रुमाल डोळ्यांना लावला. रुमाल इस्त्रीचा होता, हे भगवतीच्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्याचे डोळे खरोखर ओले होते, हेही सुटलं नाही. त्याचाच तिला जास्त राग आला. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

नावं वर सरकू लागायच्या आतच सत्यवती उठली. आतल्या खोलीतून तिनं सूप आणलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवं खणाचं कापड. सगळं सकाळपासून मांडून तयार होतं.

"इंद्राणी, पुढं ये. पदर धर."

इंद्राणी जागची हलली नाही.

"ये बाळा. डोळे पूस. सगळं देवानं बरं केलं."

"माझे डोळे कोरडे आहेत, आत्या."

"मग आम्ही रडलो तेवढं पुरे. पदर धर!"

इंद्राणी दारातून पुढं आली. सत्यवतीच्या समोर थांबली नाही. तिला वळसा घालून ती चटईच्या कडेला आईपुढं येऊन बसली, युझिनमध्ये मशीनपुढं बसावं तशी, पाठ सरळ ठेवून.

"आई, मला कुणाचं नाटक नको. तू सांग. तू सांगशील तसं करीन मी." ती थांबली. मग एकदम म्हणाली, "बाबांना माफ कसं केलंस?"

टीव्हीवर बातम्यांचं संगीत वाजत होतं. चादरीचं एक टोक पोरीनं धरलं होतं, आणि आता ती चादर कुणाच्या अंगावरून सरकणार, हे प्रत्येकजण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघून ठरवत होता.

"कसं म्हणजे?" सत्यवती घाईनं म्हणाली. "मोठ्या मनानं. आणखी कसं करतात?"

"आत्या, मी आईला विचारलं."

भगवतीनं तोंड उघडलं. कुठलं तरी उत्तर जिभेवर होतं, वाकडं, चटईला हसवील असं. तिच्याकडं तशी उत्तरं नेहमीच असत. पण लेकीच्या केसांतला लोकरीचा तंतू तिला दिसला आणि तिनं हात पुढं केला. तो काढला. मग दुसरा काढला. मग तिसरा शोधू लागली. तिची बोटं थांबेनात.

"बघा, लाजली," चंद्रकला हळूच म्हणाली.

सत्यवतीनं मूठभर तांदूळ उचलले आणि वाकून इंद्राणीचा पदर हातात घेतला.

"अक्का. थांब."

हरिप्रसाद वरांगातून आत आला होता. तो उंबऱ्याच्या आत उभा होता, एका हातानं दाराची चौकट धरून. बहिणीपुढं तो सहसा बोलत नसे. सत्यवतीच्या मुठीतले तांदूळ तिच्याच पायांवर सांडले.

"तू मध्ये पडू नकोस," ती म्हणाली. "बायकांचं काम आहे हे."

"असू दे." त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, जावयावर थोडी जास्त वेळ. बायकोकडं त्यानं बघितलं नाही. तो लेकीकडं बघत होता.

"तुझ्या आईनं मला माफ केलेलं नाही, पोरी. मी परत येऊन घरात बसलो, एवढंच झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं." त्यानं चौकटीवरचा हात काढला. "मीसुद्धा नाही."