दलदलीतल्या चुली

लढाईतही चुली फुंकल्या आणि आताही चुलीच फुंकतोय, असं म्हणून लोक थोरलीच्या नवऱ्याला हसायचे आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिराला मात्र 'पूलवाले' म्हणायचे. त्याच्या तुकडीने नदीवरचा पूल घेतला, शत्रूची रसद तुटली आणि महिन्याभरात सगळ्या आघाड्यांवर शत्रूने हात टेकले. एका पुलाने युद्ध फिरवलं, हे धाकटी जाऊ येताजाता ऐकवायची. जसा काही पूल हिनेच डोक्यावर वाहून आणला होता.

थोरलीचा नवरा फौजेत आचारी. त्याच मोहिमेत त्याला दलदलीत चुली पेटवायला पाठवलं आणि तो तोफांच्या माऱ्यात दोन्ही कान घालवून परतला. आता खानावळ चालवायचा, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा.

आज दिराचा सत्कार. पहिल्या रांगेत धाकटी आणि तिला खेटून सासूबाई. थोरली नवऱ्यासोबत मागे दाराशी, कारण जेवण त्यांच्याच खानावळीचं. सासूबाई दिराकडे ज्या नजरेने बघत होत्या, तसं त्यांनी एकदा तरी तिच्या नवऱ्याकडे बघावं, एवढंच थोरलीला हवं होतं. इतक्या वर्षांत ते झालं नव्हतं.

म्हातारे सेनापती बोलायला उठले. "पुलावर त्या दिवशी मूठभर पहारेकरी होते. का? तर शत्रूचे टेहळे धुरावरून फौज मोजायचे. आम्ही दलदलीत पाच आचारी बसवले, शंभर रिकाम्या चुली मांडल्या, वर ओला पाला. त्यांना वाटलं, सगळी फौज तिथेच. सगळ्या तोफा तिकडे वळल्या. धूर थांबला असता तर पूल हातचा गेला असता, आणि पुलाबरोबर युद्धही. हे आजवर गुपित ठेवलं होतं. पाचांतला एकच आचारी परत आला."

थोरलीने आधी धाकटीचा पडलेला चेहरा डोळे भरून बघितला, खोटं कशाला सांगायचं. मग नवऱ्याकडे वळली. तो एकटाच टाळ्या वाजवत होता. व्यासपीठावर भाऊ दिसत होता, तेवढं त्याला पुरे होतं.

"अहो, तोफा तुमच्याकडे वळल्या म्हणून पूल मिळाला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे." बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्यांना ऐकू गेला. "त्यासाठीच तर धूर केला. पुलावर धाकटा जाणार होता ना."

"मग इतकी वर्षं लोकांचं हसणं का ऐकून घेतलंत?"

"मला कुठे ऐकू येतंय?" तो हसला. "आणि धाकटा घरी आला की. आणखी काय हवं होतं?"

व्यासपीठावर दिराने तोंड झाकून घेतलं. त्याला हे आजच कळत होतं. सासूबाई उठल्या, सगळ्या रांगा ओलांडून मागे आल्या आणि थोरल्या लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिल्या.

थोरलीला हवं होतं ते मिळालं. तरी मनातली आग विझेना. तोफा अंगावर येत होत्या आणि हा माणूस भावासाठी ओला पाला टाकत राहिला. तेव्हा घरी ती होती, नवी नवरी, रोज दाराशी उभी राहणारी. तेव्हा आपली एकदा तरी आठवण झाली होती का, हे विचारायला तिने तोंड उघडलं, मिटलं आणि सासूबाईंना बसायला खुर्ची आणून दिली.